फोन जुना झाला, हे कोण ठरवतं?

आजचा विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत मोबाइल कुठला घ्यावा यावर काय बोलणार? त्यासाठी दुकानदार बोलवायचा होता. (हशा) कुठल्या कंपनीचा घ्या, हे आम्ही सांगणार नाही. इथून बाहेर पडेपर्यंत नवं मॉडेल आलेलं असेल. पण घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "हा फोन आता जुना झाला, बदलायला हवा." आम्हाला इतिहासाच्या अंगाने त्या वाक्याची उलटतपासणी करायची आहे. जुना झाला, हे कोणी ठरवलं? तुम्ही, फोनने, की तिसऱ्याच कोणी? गेल्या चाळीसेक वर्षांत या प्रश्नाचं उत्तर चार-पाच वेळा बदललं आहे, आणि ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात ते फार स्वच्छ दिसतं. म्हणून आज आपण या पट्ट्याच्या बाहेर फारसं जाणार नाही.

सुरुवात काळ्या फोनपासून करू. बेंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा, गोल डायलचा, हातात घेतला तर मनगट दुखेल असा जड. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली आलं, म्हणजे बोरीबंदर-ठाणे रेल्वेनंतर एकोणतीस वर्षांनी. पण मध्यमवर्गीय घरात फोन यायला पुढे शंभर वर्षं लागली. त्या फोनच्या बाबतीत 'निवड' हा शब्दच नव्हता. यंत्र टेलिफोन खात्याच्या मालकीचं. बिघडलं तर लाइनमन येणार, त्याच्या सवडीने, आणि जमलं तर दुसरं बसवून जाणार. आपली मालकी फक्त नंबरावर, आणि तो मिळावा म्हणून वर्षानुवर्षं थांबायचं. नाव नोंदवलं तेव्हा मुलगी शाळेत होती आणि फोन आला तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं, असे किस्से या सभागृहातल्या ज्येष्ठांकडे असतील. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात सरकारने लिहिलं, की १९९७ पर्यंत मागेल त्याला फोन मिळेल. 'मागेल त्याला फोन' हे तेव्हा धोरणाचं उद्दिष्ट होतं, यावरून काय परिस्थिती होती ते समजा. असा फोन जुना होत नसे. तो बदलायचा अधिकार आपल्याकडे नव्हताच, त्यामुळे तो प्रश्नही कोणाला पडत नसे.

आता आपल्या पट्ट्याची खासियत बघा. १ एप्रिल १९८६ ला महानगर टेलिफोन निगम म्हणजे एमटीएनएल स्थापन झालं, आणि ठाणे त्याच्या हद्दीत आलं. ठाण्याचा कोड ०२२, मुंबईचाच. कल्याण-डोंबिवली मात्र केंद्राच्या दूरसंचार खात्याकडे राहिली, ते पुढे २००० साली बीएसएनएल झालं. कोड ०२५१. म्हणजे एकाच लोकलने ऑफिसला जाणारे, एकाच बाकावर चौथी सीट अडवून बसणारे दोघं, एक 'मुंबईकर' आणि दुसरा 'बाहेरगावचा'. डोंबिवलीहून दादरला फोन करायचा तर आधी कोड लावायचा. दोन हजारनंतरची काही वर्षं तर व्हिजिटिंग कार्डांवर आणि लग्नपत्रिकांवर ९५२५१ असा आकडा छापलेला दिसे. शेजारच्या भागातून फोन करताना शून्याऐवजी पंचाण्णव फिरवायचं, अशी ती व्यवस्था होती. ज्यांच्याकडे त्या काळातली पत्रिका असेल त्यांनी जपून ठेवा, तो ऐतिहासिक दस्तऐवज आहे.

३१ जुलै १९९५ ला कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन केला. भारतातला पहिला मोबाइल कॉल म्हणून तो नोंदला गेला. त्याच वर्षी मुंबईत बीपीएल आणि मॅक्स टच यांच्या सेवा सुरू झाल्या. मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर, आणि आलेल्या फोनलाही पैसे. तेव्हा मोबाइल ही बिल्डरांची, दलालांची आणि चित्रपटवाल्यांची वस्तू. पण एक बारीक गोष्ट अशी, की मोबाइल परवान्यांसाठी मुंबईचं सेवाक्षेत्र आखताना त्यात नवी मुंबई आणि कल्याणच्या एक्स्चेंजचा भाग धरला होता. लँडलाइनच्या नकाशात बाहेर असलेली डोंबिवली मोबाइलच्या नकाशात मुंबईत आली! चर्चगेट आणि डोंबिवली एकाच लोकल दरात. गाडी कर्जतला किंवा कसाऱ्याला पोचली, की मात्र रोमिंग. आमच्या मते कल्याण-डोंबिवलीत मोबाइल एवढा झपाट्याने रुजला, त्यामागे दर उतरण्याइतकंच हेही कारण असावं. ०२५१ चा उंबरठा पहिल्यांदा मोबाइलने ओलांडला.

खरी गर्दी २००३ साली झाली. १ मे २००३ पासून आलेले फोन फुकट झाले. त्याआधी वाजणारा मोबाइल म्हणजे खर्च, त्यानंतर तो सोय झाला. मिस्ड कॉल देऊन 'स्टेशनला पोचलो' असं कळवायची कला आपल्याकडे त्याच काळात बहरली. आणि जुलैमध्ये रिलायन्स इन्फोकॉमची 'मान्सून हंगामा' योजना आली. सुरुवातीला ५०१ रुपये भरा, हँडसेट घरी न्या, बाकीचं महिन्याच्या हप्त्यांतून.

इथे थोडं थांबू, कारण आजच्या निवडीचं मूळ इथेच आहे. बाजारात तेव्हा दोन पद्धती समोरासमोर होत्या. एक जीएसएम. यात सिमकार्ड वेगळं आणि फोन वेगळा. सिम काढा, दुसऱ्या फोनमध्ये घाला, तुमचा नंबर तिकडे. दुसरी सीडीएमए, रिलायन्स आणि टाटा इंडिकॉमची. आवाज चांगला, दर कमी, पण फोन त्या कंपनीच्या जाळ्याशी बांधलेला. कंपनी बदलली की फोन निरुपयोगी. पाचशे एक रुपयांच्या आनंदात हा फरक फार थोड्यांनी पाहिला, आणि त्यांना दोषही देता येणार नाही. दहा-बारा हजार पगार असलेल्या माणसाला पहिल्यांदा फोन परवडत होता. पण तेरा वर्षांनी, २०१६ मध्ये, रिलायन्स कम्युनिकेशन्सने सीडीएमए बंद करून ग्राहकांना फोर-जीकडे नेलं, आणि २०१७ च्या अखेरीस कंपनीची मोबाइलवरची बोलण्याची सेवाच थांबली. कपाटात पडलेले ते हँडसेट आजही कदाचित चालू होतील. दिवा लागेल, कीपॅड उजळेल. फोन मात्र लागणार नाही. फोन ठणठणीत, त्याच्या भोवतालचं जग बंद झालं. 'जुना' या शब्दाचा हा पहिला नवा अर्थ.

दुसऱ्या बाजूला नोकिया ११००. तोही २००३ चाच. जगात पंचवीस कोटींहून जास्त विकला गेला. धूळ आत जाऊ नये असा कीपॅड, हातातून सटकू नये अशा कडा, आणि वर विजेरी. भारनियमनाच्या काळात कल्याण-डोंबिवलीत त्या विजेरीचं महत्त्व काय होतं, ते इथे समजावून सांगायला नको. हा फोन जुना कधी व्हायचा? पडून फुटला, पाण्यात गेला, हरवला, किंवा शेजाऱ्याने कॅमेरावाला घेतला तर. म्हणजे अपघाताने किंवा हौसेने. बॅटरी दमली तर मागचं झाकण अंगठ्याने सरकवायचं आणि स्टेशनबाहेरच्या दुकानातून नवी आणायची. शंभर-दोनशे रुपयांत फोन पुन्हा तरुण.

त्या बॅटरीचं नाव बीएल-५सी. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं, की मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्ज होताना तापू शकतात, त्या बदलून मिळतील. मग काय, सगळा देश फोनचं झाकण उघडून बॅटरीवरचा सव्वीस आकडी-अक्षरी क्रमांक वाचायला लागला. घबराट झाली, अफवा उठल्या. पण आज मागे वळून पाहताना जाणवतं ते वेगळंच. जगभर एवढ्या बॅटऱ्या ग्राहकांच्या हातांनी बदलता आल्या, कारण त्या हाताने काढता येत होत्या. आजच्या फोनमध्ये बॅटरी आत गोंदाने चिकटवलेली असते. दहा वर्षांच्या आत हा बदल झाला आणि त्यावर आपल्याकडे चर्चा अशी झालीच नाही. फोन पातळ झाला, पाण्याला टिकायला लागला, हे खरंच आहे. पण बॅटरी बदलणं हे ग्राहकाचं काम राहिलं नाही, ते कारागिराचं झालं, आणि बरेचदा 'त्यापेक्षा नवाच घ्या' या सल्ल्याचं निमित्त झालं.

बॅटरीचं आणखी एक, आपल्या पट्ट्यापुरतं. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी थोडी झिजते. काहीशे वेळा पूर्ण चार्ज झाली की मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर येते. रोज दोनदा चार्ज करणाऱ्याची ती दुप्पट वेगाने झिजणार. आता डोंबिवली ते सीएसएमटी सव्वा तासाचा प्रवास घ्या. चालत्या गाडीतला फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे उड्या मारतो, सिग्नल दुबळा असेल तर जोर लावून शोधतो. फास्ट लोकल वर्षानुवर्षं पारसिकच्या बोगद्यातून जायची, १९१६ साली खुला झालेला तो बोगदा. आत शिरलं की बोलणं तुटायचं आणि फोन बिचारा अंधारात नेटवर्क शोधत राहायचा. त्यात गर्दीतली उष्णता, सदऱ्याच्या खिशातली दमट हवा. घरी बसून काम करणाऱ्याचा फोन आणि रोज कर्जत-कसारा लाइनवर घासणाऱ्याचा फोन एकाच दिवशी घेतला, तरी दोघांचं वय सारखं राहत नाही. फोनचं वय मोजताना बिलावरची तारीख पुरत नाही.

२००८-०९ मध्ये 'चायना मोबाइल' आले. मोठे स्पीकर, दोन सिम, कधी टीव्हीसुद्धा, आणि किंमत दोन-अडीच हजार. गणपतीच्या दिवसांत एका फोनवर अख्खी चाळ आरती ऐकेल एवढा आवाज. यातल्या अनेकांना आयएमईआय हा ओळखक्रमांकच नव्हता, किंवा हजारो फोनना एकच क्रमांक होता. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतरच्या काळात सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर होता. सरकारने आदेश काढला, की ३० नोव्हेंबर २००९ नंतर आयएमईआय नसलेल्या फोनना नेटवर्क मिळणार नाही. त्या वेळच्या अंदाजांप्रमाणे सुमारे अडीच कोटी फोन त्यात येत होते. १९९ रुपये भरून अधिकृत केंद्रावर खरा क्रमांक घालून घ्यायची सोयही निघाली होती. म्हणजे आणखी एक अर्थ तयार झाला. फोन धडधाकट, नेटवर्कही चालू, पण कायद्याच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. किंमत कोणी मोजली? ज्याला मोठ्या कंपनीचा फोन परवडत नव्हता त्याने. या विषयाच्या इतिहासात हे वारंवार दिसतं. शेवटचा हप्ता नेहमी सगळ्यात तळच्या माणसाकडून वसूल होतो.

यानंतर स्मार्टफोन. इथे तंत्रज्ञानाचा सगळा इतिहास सांगत बसणार नाही, तो कुठेही मिळेल. आपल्या भाषेचा मात्र सांगायला हवा, कारण तो कोणी सांगत नाही. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठी मजकूर आला, की नुसते चौकोन दिसायचे. ओळीच्या ओळी चौकोन. मुलाने पंधरा हजारांचा फोन घेऊन दिला आणि त्यावर मराठी वर्तमानपत्र उघडेना. तेव्हा जाणकार मंडळी ऑपेरा मिनी नावाच्या ब्राउझरमध्ये जाऊन एक गुप्त सेटिंग बदलायची, मग अक्षरांची चित्रं होऊन मराठी दिसायचं. आजोबांना पेपर वाचायला मिळावा म्हणून नातवंडांनी केलेली ती खटपट होती. अँड्रॉइडच्या चौथ्या आवृत्तीच्या आसपास देवनागरी नीट दिसायला लागली. पण जुन्या फोनना ती आवृत्ती मिळेचना, कंपनीने पाठवलीच नाही! मग मराठी वाचायचं तर नवा फोन घ्या. भाषेसाठी फोन बदलणारी आपली पिढी आहे, हे विसरू नका. भारतीय भाषांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १६३३३ हे मानक पुढे बंधनकारक झालं, ते बरंच नंतर.

आणि इथे फोनचं वय ठरवणारा नवा अधिकारी पुढे आला, सॉफ्टवेअर अपडेट. हा अधिकारी दिसत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये गूगलने अँड्रॉइड वन ही योजना भारतातच पहिल्यांदा आणली, मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइसच्या साडेसहा हजारांच्या आतल्या फोनवर, दोन वर्षं अपडेट देऊ असं सांगून. स्वस्त फोनला दोन वर्षांचं वचन ही तेव्हा बातमी होती. म्हणजे बाकीच्यांना काय मिळत होतं याचा अंदाज करा. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं, की बॅटरी झिजलेल्या जुन्या आयफोनचा वेग आपण अपडेटमधून कमी करत होतो, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. हेतू चांगला असेलही. पण ग्राहकाला वाटत राहिलं, की फोन म्हातारा झाला. खरं तर बॅटरी बदलली असती तर तोच फोन पळाला असता. बोभाटा झाल्यावर अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला गेला. इतिहासात याचा एक पूर्वज आहे. १९२४ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या दिव्यांच्या कंपन्यांनी 'फीबस' नावाचा संघ करून विजेचा दिवा एक हजार तासांपेक्षा जास्त टिकू द्यायचा नाही असं ठरवलं होतं. सगळ्याच कंपन्या तसं करतात असं आम्ही म्हणत नाही. वस्तूचं आयुष्य कोणीतरी टेबलावर बसून ठरवू शकतो, एवढंच त्यातून घ्यायचं.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. २०१४ च्या अखेरीस रेल्वेचं यूटीएस ॲप मुंबईत आलं, तिकीट मोबाइलवर. गंमत अशी, की जीपीएसमुळे सुरुवातीला स्टेशनच्या आत उभं राहून तिकीट काढता येत नसे, बाहेर जाऊन काढावं लागे. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ. पाहता पाहता फोन हे बोलायचं यंत्र राहिलं नाही, ते कागदपत्र झालं. पाकीट, पासबुक, ओळखपत्र, पास.

हे आपल्या पट्ट्याला सगळ्यात लख्ख दिसलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये. दीड वर्ष लोकल सामान्य प्रवाशांना जवळजवळ बंद होती. डोंबिवलीहून रस्त्याने मुंबईला जाऊन नोकरी टिकवणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलं त्यांनाच माहीत. ८ ऑगस्टला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं, की दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकलने जाता येईल. स्मार्टफोन असलेल्यांनी ॲपवरून पास काढावा, नसलेल्यांनी पालिकेच्या प्रभाग कार्यालयातून किंवा स्टेशनवरून घ्यावा. प्रत्यक्षात स्टेशनांवर पडताळणीची टेबलं लागली, लोक प्रमाणपत्राचे छापील कागद आणि झेरॉक्स घेऊन रांगेत उभे राहिले. सरकारने दुसरी वाट ठेवली, हे नोंदवायलाच हवं. पण त्या एका घोषणेत समाजाचे दोन भाग पडले, फोनवाले आणि रांगवाले. लसही दोघांनी तीच घेतली होती.

म्हणून आज 'फोन जुना झाला' याचा अर्थ असा, की एखादं ॲप त्याला ओळखेनासं झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने किमान अँड्रॉइड ५ ची अट घातली. बँकांची ॲप्स आपली अट वाढवत नेतात. निवृत्तीवेतनाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, २०२१ पासूनची ही उत्तम सोय. पण त्यासाठी लागणारं आधारचं ॲप फार जुन्या अँड्रॉइडवर चालत नाही. मग ऐंशी वर्षांच्या आजींना रिक्षा करून बँकेत न्यायचं.

आणि आता आपल्या घरांमधली एक रीत पाहा. नवा फोन कोण घेतं? कमावता मुलगा किंवा मुलगी. त्यांचा जुना आईकडे जातो. आईचा त्याहून जुना आजीकडे. कपड्यांचं, पुस्तकांचं आपण हेच करत आलो, त्यात काटकसर आहे, मायाही आहे. पण कपडा जुना झाला तर फार तर विटतो. फोन जुना झाला, म्हणजे त्याला सुरक्षेचे अपडेट मिळणं थांबलं, की त्याच्या भिंतीला पडलेली भोकं बुजवायला कोणी येत नाही. मुलाने फोन खाली दिला तेव्हा अपडेटचं एक वर्ष उरलेलं असतं. आईकडून आजीकडे जाताना काहीच उरलेलं नसतं. आणि आजीच्याच खात्यात निवृत्तीवेतन येतं, आजीच्याच नावावर मुदत ठेव असते, लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल आजीच उघडते. म्हणजे घरातली सगळ्यात मोठी पुंजी घरातल्या सगळ्यात असुरक्षित फोनवर. फसवणूक फक्त जुन्या फोनमुळे होते असं मुळीच नाही. स्वतःला पोलिस म्हणवून व्हिडिओ कॉलवर धमकावणारे चाळीस हजारांच्या फोनवरही लुटतात, आणि तशी चोप फाइल नव्या फोनवरही घातकच. तसं झालं तर ताबडतोब १९३० वर फोन करायचा, तास-दोन तासही वाया घालवायचे नाहीत. पण दार मोडकं आहे हे माहीत असताना तिजोरी त्याच खोलीत ठेवायची का?

तेव्हा नवा फोन कुठला, हा प्रश्न आमच्या मते उलट्या टोकाकडून सोडवायचा. आधी घरातला सगळ्यात जुना फोन हातात घ्या. सेटिंगमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती दोन-तीन वर्षं मागची असेल, तर नव्या फोनची गरज तिथे आहे, तुमच्या खिशात नाही. कदाचित दहा-बारा हजारांचा नवा आईला किंवा आजीला, आणि तुमच्या फोनला नुसती नवी बॅटरी, एवढ्यावर भागेल. 'एवढा महागाचा माझ्यासाठी कशाला' असं आई म्हणेलच. ऐकू नका.

दुकानात गेल्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सगळे विचारतात. तुम्ही विचारा, अपडेट कुठल्या सालापर्यंत? हा प्रश्न ऐकून गोखले रोडवर काय की फडके रोडवर काय, विक्रेता क्षणभर गप्प होतो, कारण तो छापील पत्रकात नसतो. पण उत्तर आता मिळू शकतं. गूगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या वरच्या मॉडेलांना सात वर्षांचं वचन दिलं, आणि त्यानंतर काही स्वस्त मॉडेलांनाही सहा वर्षांपर्यंत मिळायला लागलं. वर्षं मोजायची ती मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून, तुम्ही घेतलं तेव्हापासून नव्हे. दिवाळीच्या सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारा दोन वर्षांपूर्वीचा फोन दोन वर्षांनी म्हातारा होऊनच येतो. तो घेऊ नये असं नाही, पण किंमत उरलेल्या वर्षांनी भागून बघा. अठरा हजारांचा फोन सहा वर्षं आणि अकरा हजारांचा तीन वर्षं, यात स्वस्त कुठला?

दुसरं, बॅटरी बदलून मिळते का, कितीला, आणि सेवाकेंद्र ठाण्या-कल्याणात आहे की थेट मुंबईत. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लावला आहे, की फोनची बॅटरी आठशे वेळा चार्ज होऊनही ऐंशी टक्के टिकली पाहिजे आणि सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, २०२४ मध्ये दुरुस्तीक्षमतेच्या निर्देशांकासाठी समिती नेमली. कायद्याची सक्ती अजून नाही. तोवर आपण विचारत राहायचं.

वापरलेला फोन घेणाऱ्यांसाठी एकच. आपल्या लाइनवर दारात उभ्या प्रवाशाच्या हातावर काठी मारून मोबाइल पाडणारी 'फटका गँग' सगळ्यांना ठाऊक आहे. ते फोन कुठेतरी विकले जातातच. म्हणून पैसे देण्याआधी स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय पाहा आणि केवायएम, जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळेल. चोरीचे फोन बंद करणाऱ्या या सीईआयआर यंत्रणेची सुरुवातीची चाचणी सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातच झाली. २००९ साली गरिबाचा फोन बंद करणारा तोच पंधरा आकडी क्रमांक आज त्याचा फोन परत मिळवून देऊ शकतो, हे इतिहासाला धरूनच आहे.

राहता राहिला तो कपाटातला फोन, ज्याचं पुढे काहीच होणार नाही. मागचं झाकण फुगून वर आलं असेल तर तो चार्जिंगला लावू नका, टोचू नका, आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात तर अजिबात टाकू नका. १ मे २०१२ पासून जुनी इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आली. सेवाकेंद्रात नेऊन द्या, आणि नाही म्हणाले तर लेखी मागा. कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीला लागणाऱ्या आगी आणि शहरभर पसरणारा तो धूर इथे अनेकांनी अनुभवला आहे. त्या आगी मोबाइलच्या बॅटऱ्यांनी लागत होत्या असं आम्ही म्हणत नाही. पण कचऱ्याच्या ढिगात चिरडलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते, आणि आधारवाडी २०२१ मध्ये बंद झाली तरी कचरा कुठेतरी जातोच आहे. देण्याआधी त्यातली खाती बंद करा, फोटो काढून घ्या, सिम काढा. आणि बँकेत, गॅसच्या पुस्तकावर, सोसायटीच्या वहीत अजून तो ०२५१ चा लँडलाइन नंबर लिहिलेला असेल, तर तोही याच निमित्ताने बदलून घ्या.